साल कोणतं, आणि उघडायची कधी?

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी वाईन पीत नाही. आयुष्यात एकूण दोन घोट घेतले, तेही लागोपाठच्या दोन दिवशी. त्या दोन घोटांमुळे गेली दोन वर्षं मी काय काय वाचत बसलो, त्याची ही हकिगत. नातेवाईक मंडळींनी कृपया लगेच फोन करू नयेत. जे घेतले ते हिच्यासमोर घेतले, आणि हिनंही घेतले.

२०२३ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं लंडनला मुलाकडे होतो. नातीला अठरा वर्षं पूर्ण झाली. ती जन्मली २००५ साली. पुढच्या वर्षी, त्या सालची वाईन अजून लाकडी पिंपातच होती तेव्हा, मुलानं फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या एका साध्याशा मळ्याच्या बारा बाटल्यांचे पैसे आगाऊ भरून ठेवले होते. मूल जन्मलं की त्याच्या जन्मसालची वाईन ठेवून द्यायची, अशी जुन्या इंग्रजी घरांत पद्धत होती. आमच्या चिरंजीवांनी ती उचलली. आपल्याकडे मुलीच्या नावानं सोनं घेऊन ठेवतात, तसंच काहीसं म्हणा.

तर त्या संध्याकाळी जिन्याखालच्या कपाटातून पहिली बाटली निघाली. नातीनं एक घोट घेतला आणि चेहरा असा केला की मला हसू आलं. मग आग्रह झाला. मी घेतला. पहिल्यांदा जिभेला काहीतरी जांभळासारखं लागलं, आणि मागोमाग हिरड्या आक्रसल्या. हिनं अगदी चमचाभर चाखली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मुरली नाही अजून."

मुलगा बघतच राहिला. "आई, तुला कसं कळलं?"

"कळायचंय काय त्यात? लोणचं कळतं तसं."

मुलानं खणातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. छापील तक्ता होता. डावीकडे वाईनच्या भागांची नावं, वर सालं, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा व त्याला चिकटून एक अक्षर. आकडा म्हणजे शंभरापैकी गुण. अक्षराचा अर्थ खाली दिलेला. 'टी' म्हणजे अजून तुरट आहे, मुरायला वेळ लागेल. 'आर' म्हणजे प्यायला तयार. 'ई' म्हणजे लवकर तयार होणारी. 'सी' म्हणजे जपून, बहुतेक म्हातारी झाली असावी. 'आय' म्हणजे बेभरवशाची, एक बाटली चांगली तर दुसरी वाईट. बोर्दोच्या २००५ पुढे नव्वदीच्या वरचा आकडा होता आणि त्याला जोडून 'टी'. हिनं चमचाभर चाखून जे सांगितलं होतं तेच.

मी छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. प्रगतिपुस्तकं किती भरली याचा हिशेब नाही. पण गुणांच्या शेजारी दुसरं अक्षर लिहायचं मला कधी सुचलं नाही. मुलगा चांगला आहे का, हा एक प्रश्न. तो आज तयार आहे का, हा अगदी वेगळा प्रश्न. आम्ही दोन्हींना मिळून एकच आकडा देत होतो. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. (तुरट वाईनमुळे असेल, असं हिचं मत.)

परत आल्यावर वाचायला घेतलं. हे दोन प्रश्न माणसाला वेगळे कधी कळले, हे मला बघायचं होतं.

पार रोमपर्यंत जावं लागलं. इ.स.पूर्व १२१ हे साल इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्याच कारणानं माहीत असतं. त्या साली गायस ग्राकस मारला गेला, आणि त्यामागे असलेला कॉन्सल म्हणजे लुशियस ओपिमियस. बी.ए.ला हे पाठ केलं होतं. आता कळलं की त्याच ओपिमियसच्या नावानं त्या सालची वाईनही ओळखली जाई. रोमन लोक सालाला कॉन्सलचं नाव देत, आणि त्या वर्षी द्राक्षं अशी काही पिकली की 'ओपिमियन' हा शब्दच उत्तम वाईनसाठी रूढ झाला. ज्यानं रक्त सांडलं त्याचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं ते वाईनमुळे. इतिहासाचे हिशेब असे चमत्कारिक असतात.

पुढे जवळजवळ दोनशे वर्षांनी प्लिनी लिहितो की ती वाईन अजून कुठे कुठे शिल्लक आहे, पण आता ती कडवट मधासारखी घट्ट झाली आहे. म्हणजे साल उत्तम आणि वाईन गेलेली. गुण कायम, पण अक्षर 'सी'. त्याच काळात पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन'मधला नवश्रीमंत ट्रिमाल्किओ पाहुण्यांपुढे शंभर वर्षांची ओपिमियन म्हणून चिठ्ठी लावलेल्या बाटल्या आणवतो. वाचणारा रोमन तेव्हा हसला असणार, कारण नुसतं जुनं साल मिरवणारा माणूस त्याला चांगला ठाऊक होता. आपल्यालाही ठाऊक आहे.

पण रोममधली मला सर्वांत आवडलेली नोंद गेलन या वैद्याची. हा सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य. सम्राटाच्या औषधासाठी उत्तमात उत्तम फालर्नियन वाईन हवी, म्हणून हा गृहस्थ राजवाड्याच्या कोठारात उतरला. तिथल्या मातीच्या रांजणांवर साल लिहिलेलं असे. वीस वर्षांपेक्षा जुने रांजण त्यानं एकामागून एक चाखत नेले, आणि ज्यात कडवटपणाचा मागमूस नाही असा रांजण सापडेपर्यंत थांबला नाही. साल वाचलं, पण विश्वास जिभेवर ठेवला. त्याच्याच नावावर असाही हिशेब सांगितला जातो की फालर्नियन दहा वर्षांनी पिण्याजोगी होते, पंधरा ते वीस वर्षांत सर्वांत चांगली लागते, आणि त्यानंतरची प्यायली तर डोकं धरतं. मुलाच्या तक्त्यातलं ते अक्षर, अठराशे वर्षांपूर्वीचं.

मग हे सगळं विसरलं गेलं. कारण साधं आहे, भांडं बदललं. मातीचे बंद रांजण गेले आणि लाकडी पिंपं आली. पिंप वाहून न्यायला सोयीचं, पण त्यात हवा शिरते. एकदा ते उघडून वाईन काढायला लागलं की उरलेली आंबू लागते. त्यामुळे मध्ययुगात नवी वाईन महाग आणि जुनी स्वस्त, असा उलटा बाजार होता. बोर्दो तेव्हा तीनशे वर्षं इंग्लंडच्या राजाकडे होतं, ११५२ च्या एका लग्नामुळे, ते १४५३ पर्यंत. दर शरद ऋतूत नव्या वाईनची जहाजं इंग्लंडला लागत, आणि जहाजं दिसली की गेल्या वर्षीच्या मालाचा भाव कोसळे. जुनं साल ही तेव्हा फुशारकीची गोष्ट नव्हती. शिळ्या भाकरीला तिची तारीख कोण विचारतं?

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या भट्ट्यांत जाड, मजबूत काचेच्या बाटल्या होऊ लागल्या. त्यांना बूच मिळालं. अठराव्या शतकात बाटलीची ढेरी गेली, ती सरळ झाली आणि आडवी ठेवता येऊ लागली. आडव्या बाटलीत बूच ओलं राहतं, ओलं बूच हवा आत येऊ देत नाही. दीड हजार वर्षांनी वाईन पुन्हा मुरू लागली. हा शोध कुणा एकाचा नाही आणि त्याची तारीखही सांगता येत नाही, पण सालांचं सगळं प्रकरण या आडव्या बाटलीवर उभं आहे.

सॅम्युअल पेपिसनं १६६३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एका खाणावळीत बोर्दोतल्या 'ओ-ब्रियों' मळ्याची वाईन प्यायली आणि रोजनिशीत टिपली. मळ्याचं नाव लिहिलं, साल नाही. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १७८७ मध्ये, अमेरिकेचा फ्रान्समधला वकील थॉमस जेफरसन बोर्दोला गेला. हा माणूस सगळं टिपून ठेवणारा. त्यानं लिहिलंय की मार्गो, लातूर आणि ओ-ब्रियों या तीन मळ्यांची वाईन चौथ्या वर्षी पूर्णत्वाला येते, आणि लाफितची जरा हलकी असल्यानं तिसऱ्याच वर्षी चांगली लागते.

तीन आणि चार वर्षं! मी हे दोनदा वाचलं. याच मळ्यांच्या चांगल्या सालांना विसाव्या शतकात लोक वीस वीस, तीस तीस वर्षं थांबू लागले. म्हणजे 'तयार' हा काही द्राक्षाचा कायमचा गुणधर्म नव्हे. वाईन कशी करतात, आणि पिणाऱ्याला काय आवडतं, यांवर तो अवलंबून. आजही म्हणतात की शॅम्पेन इंग्रजांना जुनी, मुरलेली आवडते आणि फ्रेंचांना ताजी. बाटली तीच, अक्षर वेगळं.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत बोर्दोच्या दलालांनी मळ्यांची प्रसिद्ध प्रतवारी लावली. पहिल्या प्रतीत चार मळे, मग दुसरी, अशा पाच. आधार म्हणजे वर्षानुवर्षं मिळालेला भाव. ही यादी जवळजवळ तशीच आजही चालते. १९७३ मध्ये मुतों मळा दुसरीतून पहिलीत आला, एवढाच काय तो लक्षात राहणारा बदल. पण ही प्रतवारी मळ्यांची, सालांची नव्हे. घराण्याचं नाव एकदा मिळालं की मिळालं. साल मात्र दरवर्षी नवं आणि ते ठरवणार आभाळ.

हे आमच्या नाशिककडच्या वाचकांना समजावून सांगायला नको. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि मग तोडणीपर्यंत जीव टांगणीला. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवते ना? बोर्दोचंही तसंच, फक्त महिने वेगळे आणि भीती वेगळ्या. वसंतात दव गोठलं की कोवळे फुटवे जळतात. जूनमध्ये पाऊस लागला की फुलोरा गळतो. सप्टेंबरात तोडणीच्या तोंडावर पाऊस आला तर द्राक्षात पाणी भरतं, नाहीतर सड लागते. आपल्याकडची वाईनची द्राक्षं पाऊस संपल्यावर वाढतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, म्हणून तोडणीच्या पावसाचा धोका कमी. शिवाय आपली वाईन बहुतेक ताजीच प्यायची असते. त्यामुळे नाशिकच्या बाटलीवर साल असतं, पण त्यावरून अजून कुणी भांडत नाही. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, त्यानंतरचाच बहुतेक पसारा. म्हणजे वय किती? नातीपेक्षा थोडंसंच जास्त.

असो. तर सालांना गुण देणं कुणी सुरू केलं? दलाल आणि व्यापारी ते मनात करतच असत. पण मला भेटला तो एक मास्तर. जॉर्ज सेंट्सबरी. आधी शाळेत शिकवायचे, पुढे एडिंबरा विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक झाले. आपल्या तळघरात कोणत्या सालची कोणती बाटली आली, कधी उघडली, कशी लागली, हे त्यांनी एका साध्या वहीत टिपून ठेवलं, आणि निवृत्तीनंतर १९२० मध्ये त्यावरून एक पुस्तक लिहिलं. आमच्या खात्यातला माणूस, म्हणून जरा अभिमान वाटला. त्यांना मानणाऱ्यांपैकी एक आंद्रे सिमों. जन्मानं फ्रेंच, आयुष्य लंडनमध्ये. त्यांनी १९३३ मध्ये वाईन आणि खाण्याची आवड असणाऱ्यांची एक संस्था काढली. त्या संस्थेनं १९३५ पासून खिशात मावेल असं सालांचं कार्ड छापायला सुरुवात केली. शून्य ते सात गुण. हॉटेलात कार्ड हळूच बघायचं आणि वाढप्यापुढे जाणकार व्हायचं. कॉपीच म्हणायची, पण मास्तरांच्या संमतीनं.

आता जे सांगायचंय, त्यासाठी मुरणं म्हणजे काय ते थोडं बघायला हवं. लाल वाईनमध्ये द्राक्षाची साल आणि बी रसाबरोबर आंबवतात. (सालाचा निर्णय सालीत असतो, असा विनोद मी जेवताना केला. कुणीही हसलं नाही.) साल-बियांमधून रंग येतो आणि टॅनिन येतं. टॅनिन म्हणजे तेच, जे चहा फार उकळला की तोंडात जाणवतं, किंवा कच्च्या केळ्यात, आवळ्यात. बाटलीत वर्षानुवर्षं त्याचे कण एकमेकांना चिकटत जातात, काही साका होऊन तळाशी बसतात. तुरटपणा मऊ होतो, जांभळा रंग विटकरी होतो. टॅनिन नसलं तर वाईन टिकत नाही. पण नुसतं टॅनिन असून भागत नाही. त्याच्या जोडीला फळ हवं, गर हवा. हिच्या भाषेत सांगायचं तर मीठ भरपूर घातलं म्हणून लोणचं टिकेल, पण कैरीच पोचट असली तर वर्षानंतर बरणीत काय उरणार? मीठ.

इथे मोठमोठ्या जाणकारांची चूक झाली. बोर्दोचं १९४५ साल घ्या. मे महिन्यात थंडीनं फुटवे जाळले, द्राक्षं थोडीशीच आली, नंतर कोरडा कडक उन्हाळा. त्यातून जी वाईन झाली ती तरुणपणी लोखंडासारखी कठीण होती आणि अनेक वर्षांनी अलौकिक ठरली. १९६१ चंही तसंच. पीक अगदी कमी, वाईन घट्ट, पुढे अजरामर. या दोन सालांवरून लोकांच्या मनात एक समीकरण बसलं की थोर वाईन तरुणपणी कडक असते. ते खरंच होतं. पण त्यावरून हळूच उलटं गृहीत धरलं गेलं की जी तरुणपणी कडक, ती थोर होणार. आम्हाला इंटरला तर्कशास्त्र होतं. सगळे कावळे काळे, म्हणून सगळे काळे पक्षी कावळे, हा दोष पहिल्याच महिन्यात शिकवत. बोर्दोत बहुधा तो तास बुडाला.

१९७५ आलं तेव्हा बोर्दोचे दिवस वाईट होते. १९७२ ची वाईन सुमार आणि भाव मात्र गगनाला, मग तेलाचं संकट, बाजार कोसळला, व्यापारी बुडाले. सगळ्यांना एका थोर सालाची गरज होती. अशा वेळी १९७५ ची वाईन आली. पीक कमी, उन्हाळा कोरडा, साली जाड, वाईन कडक. झालं! १९६१ परत आलं म्हणून गुण दिले गेले. ठेवा, वीस वर्षं हात लावू नका, असं लोकांना सांगितलं गेलं. लोकांनी ठेवली. दहा वर्षांनी उघडून बघितली, कडक. पंधरा वर्षांनी, कडक. आणि मग एक दिवस त्यातलं फळ संपलं आणि तुरटपणा तसाच राहिला. सगळ्याच मळ्यांचं असं झालं नाही. पोमरोल भागात आणि इतर काही मळ्यांत १९७५ खरोखर फार सुंदर उतरली. पण बहुतेकांच्या बरणीत मीठच उरलं.

गुण चुकले, हे एक वेळ सोडा. ज्यांनी पन्नाशीत ती वाईन घेतली, त्यांची वीस वर्षं एका चुकलेल्या अक्षरापायी गेली. वाईट वाईनवर लवकर पिऊन मोकळं होता येतं. 'थांबा' म्हणणाऱ्या चुकीवर काही उपाय नसतो.

मग आलं १९८२. त्याची गोष्ट बरोबर उलटी. हवा उत्तम, फुलोरा उत्तम, सप्टेंबरात गरमी, पीक भरपूर. द्राक्षं पूर्ण पिकलेली. एमिल पेनो नावाचे बोर्दोचे प्राध्यापक बरीच वर्षं मळेवाल्यांच्या कानीकपाळी ओरडत होते की द्राक्षं नीट पिकू द्या, कोठारं स्वच्छ ठेवा, सालींचा अर्क ओरबाडून काढू नका. त्याचा परिणामही दिसू लागला होता. १९८३ च्या वसंतात जाणकारांनी नवी वाईन पिंपातून चाखली तेव्हा ती मऊ, गोड फळाची, चक्क आवडण्यासारखी होती. आणि तिथेच तिनं घात करून घेतला. इतक्या लवकर चांगली लागते म्हणजे टिकणार नाही, असं काही नावाजलेल्या समीक्षकांनी लिहिलं. रॉबर्ट पार्कर नावाचा मेरीलँडचा एक तरुण वकील मात्र ठाम उभा राहिला. तो १९७८ पासून घरून एक वार्तापत्र काढायचा आणि वाईनला शंभरापैकी गुण द्यायचा. ही पद्धत त्यानं अमेरिकन शाळांच्या गुणपत्रिकेवरूनच घेतली होती! त्यानं लिहिलं की हे असाधारण साल आहे आणि मऊ असलं तरी टिकेल. त्याचं खरं ठरलं. चाळीस वर्षांनंतरही चांगल्या मळ्यांची १९८२ लोक आनंदानं पितात. पार्करचं नाव झालं, इतकं की पुढे त्याच्या एका आकड्यावर मळ्यांचे भाव चढू-उतरू लागले, आणि त्याला आवडेल अशी वाईन करण्याचा मोह मळेवाल्यांना झाला. तो २०१९ मध्ये निवृत्त झाला. मुलाकडचा तो अक्षरांचा तक्ता त्याच्याच वार्तापत्राचा.

१९७५ आणि १९८२ वाचताना मला माझे वर्ग दिसत होते. नावं लिहीत नाही. एक वर्ष असं होतं की शिक्षक-खोलीत सगळे म्हणायचे, ही बॅच काही औरच. शिस्तीची, कडक, चेहऱ्यावर हसू नाही, वह्या आखीव. आम्ही त्यांच्याबद्दल मोठमोठी भाकितं केली. एक वर्ष असं होतं की सगळी गोड, गप्पिष्ट, जत्रेला आल्यासारखी शाळेत येणारी पोरं. त्यांच्यातल्या एका मुलीच्या प्रगतिपुस्तकावर मी शेरा लिहिला होता, "हुशार आहे, पण गंभीर नाही. पुढे टिकणार नाही." शब्द पक्के आठवतात, कारण तिचे वडील ते पुस्तक घेऊन मला भेटायला आले होते. त्यांनी विचारलं, "सर, हे तुम्हाला आत्ता कसं कळतं?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही. तिच्या वडिलांनी माझ्या शेऱ्यामुळेच तिचं नाव काढलं असं मी म्हणत नाही, घरची कारणं असतील. पण आवडण्यासारखं आहे म्हणजे टिकाऊ नाही, हा १९८३ च्या त्या समीक्षकांचा न्याय मी तिला लावला होता, एवढं मला आता कळतं.

आणि पिंपातून चाखून गुण देण्याची ती पद्धत तरी काय, मार्चच्या परीक्षेसारखीच की! द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तुटतात, वसंतात, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांच्या वाईनला गुण मिळतात, त्यावर भाव ठरतो, लोक पैसे भरतात. बाटली घरी येते दोनेक वर्षांनी. तोवर निकाल लागून वर्तमानपत्रात छापून झालेला असतो.

पोर्तुगालचे पोर्टवाले यात जरा शहाणे. ते दुसरा वसंत येईपर्यंत थांबतात आणि मगच साल 'जाहीर' करायचं की नाही ते ठरवतात. दहा वर्षांत साधारण तीनदा जाहीर होतं. पण तिथेही निकाल नुसत्या वाईनवर लागत नाही. १९२७ साल तिसाहून अधिक व्यापाऱ्यांनी जाहीर केलं. नंतर जगभर मंदी आली, १९२७ चा मालच गोदामांत पडून राहिला, आणि त्यामुळे १९३१ सारखं सुंदर साल बहुतेकांनी जाहीरच केलं नाही. किंता दो नोव्हाल या मळ्यानं केलं, आणि त्याची १९३१ ची पोर्ट विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या पोर्टमध्ये गणली जाते. बाकीच्यांच्या हुशार पोरांना परीक्षेलाच बसू दिलं नाही.

एवढं होऊनही अक्षर आकड्यापेक्षा अवघडच. बरगंडीच्या पांढऱ्या वाईनचं १९९६ साल सगळ्यांनी दीर्घायुषी म्हणून सांगितलं होतं, आणि काही वर्षांतच कितीतरी बाटल्या आतून तपकिरी पडलेल्या निघाल्या. एकाच खोक्यातली एक उत्तम, दुसरी गेलेली. बुचांपासून ते वाईन करण्याच्या पद्धतीपर्यंत बऱ्याच गोष्टींवर बोट ठेवलं गेलं.

शिवाय आभाळच बदलतंय. बरगंडीतल्या बोन गावी द्राक्षतोडणी कोणत्या दिवशी सुरू झाली याच्या नोंदी १३५४ पासूनच्या मिळतात. इमॅन्युएल ल रॉय लादुरी या इतिहासकारानं अशा तारखांवरून हवामानाचा इतिहास लिहिला, तो १९६७ मध्ये. तोडणी लवकर म्हणजे उन्हाळा कडक, उशिरा म्हणजे थंड. राजे आणि लढाया शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला हे वाचून हेवाच वाटला. बोनच्या नोंदी २०१९ मध्ये नव्यानं तपासून प्रसिद्ध झाल्या, त्यात दिसलं की १९८८ पासून तोडणी पूर्वीच्या सरासरीपेक्षा तेरा दिवस अलीकडे आली आहे. द्राक्षं आता बहुतेक वर्षी पिकतात. १९६३, १९६५, १९६८ सारखी साफ नापास सालं बोर्दोत क्वचितच होतात. पण अशी उन्हात पिकलेली वाईन किती वर्षं टिकेल, हे सांगायला मागचा दाखला कुठून आणणार?

आंद्रे सिमों १९७० मध्ये वारले, त्र्याण्णवाव्या वर्षी. त्यांचं म्हणणं असं होतं की तळघरात वाईन शिल्लक ठेवून गेलेला माणूस अकालीच गेला म्हणायचा. त्यांच्या मागे दोन मोठ्या बाटल्या उरल्या होत्या म्हणे. हिशेब जवळजवळ बरोबर आला.

आमच्या नातीच्या अकरा बाटल्या उरल्यात. मुलानं तक्ता बघून ठरवलंय की आता एकदम २०३० ला दुसरी काढायची, मग दर दोन वर्षांनी एक. नात म्हणाली, "आजोबा, तेव्हा परत यायचं हं." मी तेव्हा एक्याऐंशीचा असेन. बघू म्हटलं.

हिला हे काही पटलेलं नाही. त्या रात्री उघडलेली बाटली निम्मी उरली होती. फेकायची नाही म्हणून हिनं तिला पुन्हा बूच लावून ओट्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसताना सगळ्यांच्या ग्लासात थोडी थोडी ओतली, माझ्याही, आणि स्वतःही चमचाभर घेतली.

"आज बरी लागते," ती म्हणाली. "काल घाई केलीत."

मुलानं चाखली, मग पुन्हा चाखली, आणि तक्त्याचा कागद घडी घालून खणात ठेवून दिला.